पडावाच्या फळ्या

आमच्या खाडीच्या तोंडाशी आगबोट थांबायची, तेव्हा माझे वडील पडावावर, म्हणजे उतारूंच्या मोठ्या होडीवर, तांडेल म्हणजे मुख्य खलाशी होते. बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. उतारूंना तिथवर नेणं आणि मुंबईहून आलेल्यांना किनाऱ्यावर आणणं हे पडावाचं काम. पडावात पायताण घालून चढायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाबा तो बूटवाल्या साहेबांनाही पाळायला लावत.

"सायेब, बूट हातात घ्या. ही आमची आई हाय."

मग सडक झाली, सर्विस मोटार सुरू झाली आणि बोट कंपनीने आमचा थांबा बंद केला. उतारूंची शेड ओस पडली. मी पेटून उठलो. चळवळींची पत्रकं वाचूनच मी वाढलो होतो. आता स्वतः लिहिलं. वाटेतली खाडी ओलांडायला तरीवर मोटार तासन्‌तास अडते, आजाऱ्याने तोवर काय करावं? ज्यांच्या जिवावर बंदर चाललं त्यांना विचारलंत का? मालगुंडच्या बाजारात उभा राहून मी ते ओरडून वाचलं. कंपनीकडून उत्तर आलं नाही.

बाबांना वाचता येत नव्हतं. ते माझ्याकडून पत्रक ऐकत आणि उठून शेडमध्ये ठेवलेल्या पडावाला माशाचं तेल लावायला जात. बोट पुन्हा लागली तर पडाव तयार हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढे मोटारवाल्या शेटनी ती शेडच घेतली, मोटारी दुरुस्त करायला. तिकिटाच्या खिडकीत टायर रचले गेले. मोटारीखाली शिरून काम करता यावं म्हणून जमिनीत लांब खड्डा खणला. पडाव हलवा, असा निरोप आला.

"बाबा, माडाखाली झापांची खोप घालू. मी दुसरं पत्रक काढतो."

"नको रे बाबू." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बोट आता येयाची न्हाय."

इतके दिवस हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी पडाव स्वतःच फोडला, मलाही हात लावू दिला नाही. जाड फळ्या मोटारींच्या मिस्त्रीने खड्ड्यावर झाकण म्हणून टाकल्या. बाबांना तिथेच पाणी भरायचं, मोटारी ढकलायचं काम मिळालं.

एके दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन गेलो. बाबा घागर घेऊन खड्ड्यापाशी आले, थांबले. वहाणा काढून कडेला ठेवल्या आणि मग फळीवर पाय टाकला.

घाटावरचा मिस्त्री खो खो हसला. "अवो तांडेल, हे काय देऊळ हाय व्हय? पायाला त्याल लागंल की!"

माझ्या तोंडाशी एक अख्खं भाषण आलं होतं. पण बाबा मधोमध उभे होते. फळ्या त्यांच्या वजनाने किंचित वाकल्या, आणि त्यांचे गुडघे आपोआप सैल झाले, लाट आल्यावर होत तसे. नजर शेडच्या उघड्या दारातून पाण्याकडे गेली.

बाहेर भोंगा वाजला.

"तांडेल, सरका. गाडी आत घ्यायची हाय," मिस्त्री म्हणाला.

बाबा पलीकडे उतरले. वहाणा अलीकडे राहिल्या होत्या. त्यांनी आपले तळपाय उचलून बघितले, आणि वहाणा घ्यायला ते फळ्यांवरून परत आले नाहीत. तेलाने काळ्या झालेल्या पायांनी अख्ख्या खड्ड्याला वळसा घालून आले.