घुबडाच्या झाडाखाली घेतलेलं नाव

पक्षीवेड्या मंडळींनो, आज एक विचारायचंय.

दुपारी मी आणि नवरा कैनाड गावात घुबडाचे फोटो काढायला गेलो. आंब्याच्या ढोलीत ते डोळे मिटून बसलं होतं. मी दबकत पुढे सरकतेय, तेवढ्यात हा बाईकवरून ओरडला, "सुजाता, ऊन उतरतंय, आटप!" फोटो काढताना असं कुणी ओरडतं का?

गवताचा भारा घेऊन चाललेल्या एक काकी थबकल्या. "इथं नाव घेऊन हाक नाय मारायची, बाई. ते ऐकून ठेवतं नि मग बोलवतं. आम्ही नुसती शीळ घालतो."

आम्ही हसलो.

घरी फोटो बघितले. सगळ्यांत त्याचे डोळे मिटलेले, पण हाकेनंतरच्या फोटोत ते थेट माझ्याकडे बघतंय. तो फोटो पाहिल्यापासून नवरा मला नुसतं "अगं" म्हणतोय. एरवी दिवसभर नावाने हाका मारणारा माणूस!

मघाशी मागच्या चिकूच्या झाडांतून हाक आली, "सुजाता!" आवाज नवऱ्याचाच होता.

नवरा माझ्यासमोर बसून चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

मी ओ दिली नाही. तुम्ही दिली असती?