मोकळ्या चाकांची मोटार

ती घटना आजही आठवली की संताप ताजा होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. खुनाचे, दरोड्याचे तपास मागे पडले, पण एका लहानशा मोटारीचा हा तपास काही मनातून जात नाही.

पन्नासचे दशक संपत आले होते. आजचा वाशिम जिल्हा तेव्हा अकोल्यात मोडत असे. कारंज्याच्या ठाण्यात मी नवाच होतो. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी वडिलांची समजूत घातली नसती, तर कॉलेजचे दारही मी पाहिले नसते. त्यामुळे अंगावरच्या खाकीचे मोल मला फार वाटे आणि त्या खाकीचा कोणी उपयोग करून घेतला की राग लवकर येई.

बाजाराचा दिवस होता. इंझोरीच्या अलीकडे रस्त्याला उतार लागतो. तिथे एक बाई भाजीची पाटी घेऊन वाहनाची वाट पाहत उभी होती. कारंज्याच्या एका शेठची लहान मोटार त्या रस्त्यावर चोरून प्रवासी नेत असे. परवाना नव्हता. बाईने हात दाखवला. त्या काळी हात दाखवला की कोणतेही वाहन थांबायचे, म्हणून ती रस्त्यावर पुढे आली. मोटार थांबली नाही. बाई जागीच गेली आणि मोटार शेजारच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, घुसली.

मी पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर बांधावर बसला होता. म्हणाला, "साहेब, मी ब्रेक दाबला. पाय पार खाली गेला, पण गाडी थांबलीच नाही. शेठले मी किती खेपा सांगतलं."

पंचनामा झाल्यावर बैल जुंपून मोटार शेतातून बाहेर काढली. रस्त्यावर येताच ती आपोआप घरंगळू लागली. मीच धावत जाऊन चाकाखाली दगड लावला.

शेठ संध्याकाळी ठाण्यात आले. सोबत गावातले दोन प्रतिष्ठित. शेठ शांतपणे म्हणाले, "ड्रायव्हर दारू पेला असन साहेब. गाडी तर माझी फस्क्लास हाये." डॉक्टरांनी तपासून ड्रायव्हर दारू प्यालेला नाही असे लिहून दिले, तरी शेठ हटले नाहीत. "मंग झोप लागली असन."

अकोल्याहून मोटार इन्स्पेक्टर आले. त्यांनी ठाण्याच्या आवारातली मोटार तपासली, चालवून पाहिली आणि अहवाल दिला की ब्रेक उत्तम आहेत. संपले. हयगयीने गाडी चालवून मृत्यू घडवल्याबद्दल ड्रायव्हर तुरुंगात जाणार, हे आता उघड होते. त्याने कोठडीत भिंतीकडे तोंड फिरवून घेतले.

त्याची बायको रोज भाकर घेऊन यायची. अहवाल आला त्याच दुपारी तिने विचारले, "साहेब, एक इचारू? काल शेठचा मिस्त्री त्या गाडीखाली काहून निजला होता?"

"कुठे? कोणत्या गाडीखाली?"

"हितंच. तुमचे शिपाई बिड्या फुकून राह्यले होते बाजूले. मी भाकर घेऊन बाहेर बसली होती, मले सारं दिसलं. तुमीच बलावला असन मनलं."

मी बोलावला नव्हता. मी काल कोर्टाच्या कामाने बाहेरगावी होतो.

हवालदाराला समोर उभे केले. तो आधी गोंधळला, मग म्हणाला, "शेठ म्हनले, इन्स्पेक्टर साहेब येनार हायेत, गाडी धुवून देतो. चांगली दिसन, म्हनून येऊ देलं."

"धुण्यासाठी मिस्त्री लागतो?"

जप्त केलेला मुद्देमाल सरकारच्या ताब्यात, माझ्या ठाण्याच्या आवारात, दिवसाढवळ्या, आणि त्यात आरोपी ठरू शकणाऱ्या माणसाने हात घालावा! इतकी लाज मला नोकरीत परत कधी वाटली नाही.

मी स्वतः मोटारीखाली शिरलो. त्या मोटारीचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जात. सळीच्या टोकाला आटे आणि त्यावर नट असतो. नट आत फिरवला की ब्रेक आवळतो, बाहेर घेतला की सैल होतो. सळ्यांवर रस्त्याचा चिखल वाळून बसला होता. मात्र प्रत्येक नटाच्या बाहेरच्या बाजूला आटे स्वच्छ होते. चिखल बसत होता तेव्हा नट तिथे होता आणि नुकताच आत सरकवला गेला होता. चारही सळ्यांवर तोच प्रकार. पंच बोलावून याचाही पंचनामा केला आणि मिस्त्रीला आणवले.

मिस्त्री हाताने हुशार, बोलण्यात गोड. "साहब, मैंने तो खाली पुसून देलं. ब्रेक पहलेसेच बराबर थे."

पोलीस शिव्या देतात, हात उगारतात, असा लोकांचा समज असतो. माझा अनुभव असा, की हात उगारला की माणूस आपल्याला हवे ते सांगतो, आणि ते कोर्टात टिकत नाही. मी त्याला चहा दिला. म्हटले, "इन्स्पेक्टर साहेब पुन्हा येणार आहेत. त्यांच्यासमोर नट जिथे आटे स्वच्छ आहेत तिथे आणू. ब्रेक तर आधीपासून बरोबर होते, तेव्हा काही फरक पडणार नाही. मग इंझोरीच्या उतारावरून गाडी सोडू. तू पुढच्या सीटवर बस."

त्याने कप खाली ठेवला.

"मै नहीं बैठता साहब."

"काहून?"

"बालबच्चेवाला आदमी हूं."

"ती बाई नव्हती बालबच्चेवाली?"

मग त्याच्या तोंडून सगळे बाहेर आले. परवान्याची सर्व्हिस मोटार, म्हणजे प्रवासी बस, शेठच्या मोटारीच्या वेळेलाच निघे. जी गाडी थांब्यावर आधी पोहोचेल तिला माणसे मिळत. शेठची मोटार साधी, स्वस्तातली, भरली की धापा टाकायची. शेठ म्हणाले, हिला पळती कर, पण खर्च नको. मिस्त्रीने मागची गादी काढून फळी बसवली. जास्तीचे चाक, बंपर, मागचे दरवाजे उतरवले. सायलेन्सर आतून पोकळ केला. इंजिनाचा जोर वाढावा म्हणून त्याचे हेड कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या वर्कशॉपमधून घासून आणले. तरीही सर्व्हिस मोटार पुढे जाई.

"मंग शेठनं चाक हातानं फिरवून देखलं. म्हने, हे लवकर थांबते. ब्रेक घासते म्हनून गाडी मागं राह्यते. चाक फिरलं की फिरतच राह्यलं पाहिजे. मै बोला, सेठ, धोका है. तो म्हने, हेड घासायले खर्च आला, याले तर फक्त पाना लागते."

ठाण्यातली कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून त्याचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवला. इन्स्पेक्टरांनी पुन्हा तपासणी केली आणि पहिला अहवाल मागे घेतला. आरोपी असलेला ड्रायव्हर आता सरकारी साक्षीदार झाला. कोठडीतून सोडले तेव्हा तो बायकोकडे न जाता आधी माझ्या टेबलाजवळ आला आणि एवढेच म्हणाला, "मी ब्रेक दाबला होता, साहेब." मी म्हटले, "माहीत आहे."

शेठ मात्र ठाम. "मले मशिनीतलं काय समजते? मिस्त्री करे, मी पाहे. ब्रेक ढिले झाले का टाइट, मले काय ठाव?" वकिलाने हाच बचाव धरला, आणि तो टिकणार असे मलाही वाटू लागले.

शर्यत लागत होती हे सिद्ध करायला मी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरचा जबाब घेत होतो. लिहून झाल्यावर तो हसत म्हणाला, "शेठची गाडी आमच्या पुढं पळे, अन् शेठच्या घरचे आमच्याच मोटारीत बसत."

मी लेखणी पुन्हा उचलली. "नीट सांग."

"शेठानी, पोरी, खुद शेठ. मानोऱ्याले लग्न होतं तवाही सारे आमच्याच मोटारीनं. मी इचारलं, घरची मोटार काहून नाही आनली? तं म्हने, बायामानसाले धक्के बसतात."

कोर्टात शेठ स्वतःच्या बचावासाठी साक्षीला उभे राहिले, तेव्हा घरचे दुसऱ्या मोटारीत का बसत, हे सरकारी वकिलांनी त्यांना विचारले. त्यांनी पाणी मागितले, ते प्याले आणि पुन्हा पाणी मागितले.

शेठना शिक्षा झाली, पण किती? खालच्या कोर्टाने कैद दिली, अपिलात तिच्याऐवजी नुसता दंड झाला. मिस्त्रीही दंडावर सुटला. हवालदाराची बदली झाली. एका बाईच्या मरणाची एवढी किंमत झाली, याचा संताप मी आजही गिळू शकत नाही. निकालानंतर शेठ बाहेर भेटले आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मी काय कोनाले माराले गेलतो का साहेब?"

नव्हते गेले, हे खरे. पुढे नोकरीत पडलेले पूल पाहिले, कोसळलेल्या भिंती पाहिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी हेच वाक्य ऐकले. मारायला कोणीच गेलेले नसते. म्हणून मी नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे, की त्या माणसाला काय समजत होते हे त्याला विचारत बसू नका, त्याच्या घरचे कशात बसतात ते पाहा. मशीनमधले काही कळत नाही म्हणणाऱ्या त्या माणसाला एवढे पक्के कळत होते, की बायकोचे तिकीट तो दुसऱ्या गाडीचे काढत होता.