स्लॅबवरचा चिखल

गोंदियाजवळच्या मुर्री गावच्या ज्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रुख्माबाईने उभं आयुष्य धान रोवलं, तिथे आता प्लॉटांचे दगड रोवले आहेत. माझं किराणा दुकान रस्त्यालगतच, त्यामुळे हा सगळा विकास मी बसल्या जागी पाहिला. दर पावसाळ्यात रुख्माबाई बायकांची टोळी घेऊन इथूनच रोवण्याला जायची. लेआउट पडू लागले तशी टोळी गळायला लागली. कुणी तेलंगणात मिरची तोडायला जायचं म्हणे, कुणी नागपूरला.

"एकडाव फुटली टोळी का फुटलीच," मीठ घेता घेता ती म्हणाली. मलाही वाईट वाटलं.

मग टोळीसाठी काम मागायला ती सरळ दुर्गाप्रसादकडे गेली. हा प्लॉटांवर घरं बांधणारा गोंदियाचा ठेकेदार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बोलणं सगळं हिंदीत. त्याला मजूर मिळत नव्हते, तरी नुसत्या बायकांची टोळी घ्यायला तो कचरत होता. "एक स्लॅब करके दिखाओ," तो म्हणाला. "अच्छा हुआ तो पूरा लेआउट तुम्हारा."

बायकांनी कमाल केली. रोवण्यात रोपांच्या पेंढ्या हातोहात जातात तशी सिमेंटच्या मालाची घमेली वर चढत गेली, सोबत गाणीही. दिवस मावळायच्या आत स्लॅब पडला. दुर्गाप्रसाद खूश झाला आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

आमच्याकडे रोवणा संपला की बायका मालकाला चिखल फासतात. त्याने हसायचं आणि सगळ्यांना जेवू घालायचं, अशी रीत. रुख्माबाईने सवयीने मूठभर ओला माल उचलला आणि दुर्गाप्रसादच्या दोन्ही गालांना फासला! बायकांनी टाळ्या पिटल्या. तो लालबुंद.

"पागल हो क्या? कल से कोई मत आना!" असं ओरडून, तोंड पुसत तो गाडीत बसला.

मला असा राग आला तिचा! ठेकेदार म्हणजे काय शेतमालक आहे? हातातोंडाशी आलेलं काम बाईने घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ती स्लॅबवर.

"अवो रुख्माबाई, कायले आल्या? त्यानं त नाही म्हटलं न!" मी खालून ओरडलो.

"मालक रुसला म्हणून का बांधी वाळू द्याची? पानी नाही भेटलं त तडे जातीन."

तिने स्लॅबवर मातीचे धुरे, बांधीला असतात तसे छोटे बांध, घालून चौकोन पाडले होते आणि प्रत्येकात काठोकाठ पाणी भरलं होतं. तेवढ्यात दुर्गाप्रसादची गाडी आली. तो शिडी चढला, पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि उतरून निघून गेला. रुख्माबाई रोज येऊन पाणी भरत राहिली.

शेवटी त्याच्याकडून पुढच्या स्लॅबचा निरोप आला. टोळीतली एकही बाई गैरहजर नव्हती. दुर्गाप्रसाद चक्क जुनाट, विटक्या शर्टात आलेला. काम संपलं. या वेळी मात्र बायका हात मागे बांधून गुमान उभ्या राहिल्या. रुख्माबाई तर जमिनीकडेच बघत होती.

दुर्गाप्रसादने गाडीतून घमेलं काढलं. लेआउटच्या मागे उरलेल्या एकुलत्या बांधीतला काळा चिखल होता त्यात.

"सीमेंट से चमड़ी जलती है, बाई," असं म्हणत त्याने गाल पुढे केला. "ये लगाओ."