मुर्ध्याच्या भिंतीवरचा आईचा फोटो

"मला एकदा मुर्ध्याला जायचंय," आई म्हणाली, तेव्हा बाबांनी हातातला पेपर खालीच ठेवला. साल त्र्याण्णव, मे महिना. मी नुकतीच सातवी पास झाले होते.

मुर्धे हे आईचं जन्मगाव. ती आठ वर्षांची असताना तिची आई तिथेच वारली. मग नाना, म्हणजे तिचे वडील, तिला घेऊन कायमचे नाशिकला आले. "मामाला तू नकोस," असं त्यांनी तिला सांगितलं होतं. मुर्ध्याहून कधी कुणी आलंही नाही. नाना गेले आणि वर्षभरानं आईनं हा विषय काढला, तोही एका अटीवर. "गाव बघायचं. मामाच्या दारात जायचं नाही."

नाशिकहून पहाटेच्या गाडीनं दादर, तिथून भाईंदर. तुम्ही जाणार असाल तर पश्चिमेला उतरा. आम्ही चुकून पूर्वेला उतरलो. समोर इमारतीला इमारत चिकटलेली. "इथं नुसतं पाणी होतं हो," आई म्हणाली. पूल ओलांडून परत आलो, तर रिक्षावाला म्हणाला, "गाव के अंदर नहीं जाएगा, नाके पे छोड़ेगा." दहा रुपये घेतले. वाटेत मिठाचे ढीग उन्हात इतके चमकत होते, की डोळे उघडवेनात. पाणी, टोपी जवळ ठेवाच.

आईचं जन्मघर पडून तिथे सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. आई गोण्यांच्या कडेनं फिरून आली. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. "कोन पायजे?" आईनं ओळखलं. मामी. पण आपलं नाव काही तिनं सांगितलं नाही. शेवटी बाबांनीच मामीकडे पाणी मागितलं आणि आम्ही ओटीवर गेलो.

आत भिंतीवर माझाच फोटो होता. दोन वेण्या, तेच कपाळ. फोटोला हार घातलेला.

"आई, मी इथं कशी?"

आईनं वर पाहिलं आणि दाराची चौकट घट्ट धरली.

"ती आमची भाची, सुमी," मामी म्हणाली. "नाशकाला गेली नं तापानं मेली. बापाचं कार्ड आलं व्हतं."

"मामी, मीच सुमी."

मामीच्या हातातला तांब्या पडला. आवाजानं आतून मामा आले. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली. "सुमी न्हाय. सुमी मेली."

"मिठागराच्या बांधावर मला मिठाच्या पाटीत बसवलं होतंस," आई म्हणाली. "पाटीसकट पाडलंस. आणि म्हणालास, आयला सांगू नको."

मामा पुढे येऊन तिचा चेहरा निरखू लागले. ते फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

"तुला मी ठेवून घेनार व्हतो," ते म्हणाले. "तुझ्या बापाशी भांडलो. म्हनून त्यानं कार्ड टाकलं आसंल. तीस वरसं पितरांत तुझं पान वाढतोय, पोरी."

 आईनं विचारलं, "काय वाढायचास?"

"भात. नं गुळाची खीर. तुला आवडायची."

मामीनं स्टुलावर चढून हार काढला. काढताना ती रडत होती. दुपारी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवलो. आई दोनदा भात मागून जेवली. मामा तिच्या ताटाकडे बघत बसले होते, स्वतः घासही घेतला नाही.

 घरी आल्यावर आई नानांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. नानांवर जीव होता माझा. आईला आवाज चढवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "मला विचारायचं होतंत, नाना! मी तुम्हाला सोडून गेलेच नसते."

त्यानंतर मामा जिवंत असेपर्यंत आम्ही दर मे महिन्यात मुर्ध्याला गेलो. मिठागरं कमी होत गेली, नाक्यावर दुकानं वाढली. आता स्टेशनपासून थेट बस जाते, वीसेक मिनिटांत पोचाल. मी मात्र अजूनही त्या दुपारी पडलेल्या प्रश्नाशी अडते: आईनं मामाला एक साधी चिठ्ठी तरी का नाही लिहिली कधी? मी विचारलं होतं एकदा. ती म्हणाली, "नकोशी झालेल्या मुलीनं काय लिहायचं असतं?"