पान चौऱ्याहत्तरवरचा टायर

माधवराव सरांची उत्तरसूची चुकत नाही, असं लातुरातली पोरं शपथेवर सांगत. भूकंपाच्या साली औशाला पत्र्याच्या शेडमध्ये बारावीचा अभ्यास केलेला हा माणूस. पुढं क्लासही तसल्याच शेडमध्ये काढला आणि वीस वर्षांत भौतिकशास्त्राचा एकही प्रश्न रद्द केला नाही. सरांची सगळी इभ्रत त्या एका गोष्टीवर उभी होती.

बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं, तर सरांनी हैदराबादहून शर्यतीची सायकल आणली. हवा कापायला खोल केलेली कार्बनची रिम, आणि बसायचं म्हणजे कुणाच्या तरी पाया पडल्यासारखं वाकून. लातूर-औसा शर्यतीत प्रत्येकानं एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायचं होतं. वीस किलोमीटर चाळीस मिनिटांत मारणार, असं सरांनी तिन्ही बॅचेसना सांगून टाकलं. आता टायर किती रुंदीचा घ्यायचा, एवढंच ठरायचं होतं.

सायकल दुकानदार शंकरप्पा मूळचा उदगीरचा. त्यानं टायर बोटांनी दाबून पाहिला. “सर, वीस मिलीचा लई बारीक हाय. आधी रस्ता बघा, मंग हवेचं बघा.”

सरांना हे अशास्त्रीय वाटलं. बारीक टायर हवेला कमी अडतो म्हणून जोरात पळतो, हे त्यांच्याच नोट्समध्ये पान चौऱ्याहत्तरवर चौकटीत छापलेलं होतं. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी सोमवारच्या चाचणीत प्रश्न टाकला, वीस, पंचवीस की अठ्ठावीस मिलीमीटर? एकशे ऐंशीपैकी एकशे एकोणऐंशी जणांनी वीस लिहिलं. ही सगळी पोरं पान चौऱ्याहत्तर पाठ करूनच आली होती, हे काही सरांच्या डोक्यात आलं नाही. एवढं बहुमत बघून ते हरखून गेले.

अठ्ठावीस लिहिणारी एकटी म्हणजे त्यांची मुलगी मनस्विनी. खाली तिनं लिहिलं होतं, ‘रस्ता लातूरचा आहे.’ सरांनी नियमाप्रमाणे तिचा एक गुण कापला, आणि त्या दिवशी जेवताना बापलेक फक्त आमटीबद्दल बोलले.

रविवारी सर वीसच्या टायरमध्ये ठासून हवा भरून निघाले. रस्त्यावर नवी खडी पडली होती. पाचव्या किलोमीटरला चष्मा नाकावरून उतरला, दहाव्याला हात बधिर झाले. सायकल पुढं कमी आणि वर-खालीच जास्त चालली होती. औशाला पोचेपर्यंत एक्कावन्न मिनिटं झाली, आणि तिन्ही बॅचेसची पोरं मोबाइलवर वेळ लावून उभी होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्याची सरांना जास्तच लाज वाटली.

सोमवारी त्यांनी मन घट्ट करून जाहीर केलं की प्रश्न बरोबरच होता, उत्तर तेवढं अठ्ठावीस. पान चौऱ्याहत्तर दुरुस्त झालं. पुढच्या चाचणीत तोच प्रश्न आला आणि एकशे एकोणऐंशी जणांनी इमानदारीत अठ्ठावीस लिहिलं. मनस्विनीनं कुठलाच पर्याय निवडला नव्हता. ‘रिमची रुंदी दिलेली नाही. प्रश्न अपुरा,’ एवढंच लिहिलं होतं.

सर पेपर तसेच टाकून व्हर्निअर कॅलिपर घेऊन सायकलपाशी बसले. दर जूनला पहिला प्रयोग व्हर्निअरचा शिकवणारा हा माणूस, पण आपल्याच रिमला त्यानं तो कधी लावला नव्हता. रिम सव्वीस भरली. शंकरप्पानं कालच चढवलेला अठ्ठावीसचा टायर तिच्या दोन्ही अंगांनी ढेरीसारखा बाहेर आलेला. हवा तिथंच अडणार. खडी आणि हवा दोन्ही सांभाळणारा पंचवीसचाच होता, आणि तो दोन्ही वेळा कुणीच लिहिला नव्हता. सरांना आधी स्वतःचा राग आला. मग पोरीचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘प्रश्न रद्द. सर्वांना पूर्ण गुण.’

मग बिलोलीच्या वैजनाथनं हात वर केला. “सर, हे बी नोट्समध्ये लिवायचं का?”

सरांनी मागच्या बाकावरच्या मनस्विनीकडं पाहिलं. ती वहीत तोंड घालून हसत होती.

“लिवा,” सर म्हणाले. “पान चौऱ्याहत्तर. चौकटीत.”