चेकशीटवरची बरोबरची खूण

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर झालो, म्हणजे रागाला बसायला खुर्चीही मिळाली. आम्ही ब्रेकचे सुटे भाग बनवायचो. एकदा दुपारी दोनच्या सुमारास ग्राहक कंपनीचा फोन आला की सकाळच्या गाडीतल्या भागांची भोकं लहान आहेत, बोल्ट आत जात नाहीत, त्यांची लाइन बंद पडलीय. माझं डोकं फिरलं. हे कोणी केलं, एवढं एकच मला हवं होतं.

आणि ते मला ठाऊकही होतं. भोकाचं माप त्याच दिवसापासून बदललं होतं. सकाळी शिफ्ट सुरू होताना मी ड्रिल मशीनच्या ऑपरेटरला विचारलं होतं, "आजपासून नवीन माप आहे, ठाऊक आहे ना?" तो "व्हय" म्हणाला होता. मी चेकशीटवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या मशीनकडे गेलो. त्यानं मात्र सकाळपासून जुन्याच मापाची भोकं पाडली होती.

हा ऑपरेटर पिशोर गावचा. सात वर्षं कंत्राटावर होता आणि कायम करायच्या माणसांच्या यादीत या खेपेला त्याचं नाव लागलं होतं. यादी त्याच संध्याकाळी मुख्य ऑफिसला जायची होती. एवढी मोठी चूक त्याच्या नावावर चढली असती, तर यादीतून नाव गेलंच म्हणून समजा. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी त्याचं नाव ओठांवर घेऊनच मॅनेजरांच्या केबिनमध्ये शिरलो.

मॅनेजर शहरातल्या औरंगपुऱ्याजवळच्या गल्लीत वाढलेले. मराठी बोलता बोलता उर्दूत कधी शिरायचे, ते त्यांनाही कळायचं नाही. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"पहले गाडी. दुसरी गाडी गेटवर भरून उभी आहे, ती उतरवून घ्या. माणूस नंतर बघू."

मी धुसफुसतच गेटवर जाऊन गाडी उतरवायला लावली. परत आलो तेव्हा ते ग्राहकाशी बोलत होते. बघतो, करतो, असलं काही नाही. चूक आमची आहे, नवीन माल सहा वाजता निघेल, आणि साडेपाचला मी स्वतः फोन करीन, एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. लगेच प्लँटच्या मोठ्या साहेबांचा फोन वाजला. त्यांचा आवाज मला टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होता. पाचच्या आत त्यांना एक नाव हवं होतं.

मी चेकशीट पुढं सरकवली. "मी विचारलं होतं, सर. तो व्हय म्हणाला. ही बघा खूण."

त्यांनी त्या खुणेवर बोट ठेवलं. "व्हय कसा म्हणाला?"

"कसा म्हणजे? व्हय म्हणाला."

"चला," ते म्हणाले.

नवीन मापाचा ड्रिल चढेपर्यंत ऑपरेटर बंद मशीनजवळ उभा होता. हात स्वच्छ होते, तरी फडक्यानं पुसत होता. "साहेब, मला कोण्हीच सांगितलं नाय," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस," मी ओरडलो. एरवी मी त्याला अहो-जाहो करायचो.

शेजारची प्रेस मशीनं धडधडत होती. मॅनेजरांनी ऑपरेटरला सहज विचारावं तसं विचारलं, "उद्यापासून कँटीन मागच्या शेडमध्ये जाणार, ठाऊक आहे ना?"

"व्हय?" तो म्हणाला.

शब्दाचं शेपूट वर गेलं होतं, पण प्रेसच्या आवाजात ते निम्मं बुडालं. मॅनेजर माझ्याकडं वळले. "यांना ठाऊक होतं का?"

कँटीन कुठंच जाणार नव्हतं. आमचं गावही त्याच बाजूचं, वेरूळच्या अलीकडं. माझा बाप टीव्हीवरच्या बातम्यांनाही "व्हय?" म्हणतो, म्हणजे असं आहे होय, मला कुठं माहीत. लहानपणापासून ऐकलेला शब्द मी शहरात येऊन पार विसरलो होतो. त्यानं सकाळी मला प्रश्न विचारला होता आणि मी त्यावर बरोबरची खूण करून निघून गेलो होतो. मला त्याच्याकडं बघवेना.

केबिनमध्ये परत आलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. मॅनेजरांनी रिपोर्टचा फॉर्म माझ्यापुढं ठेवला. 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना रिकामा होता. पेन ठेवून ते माझ्याकडं पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

त्याच महिन्यात माझं प्रमोशन व्हायचं होतं. 'गैरसमजातून चूक' असं गुळमुळीत लिहून सुटता येईल, हे मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. पण मोठे साहेब गैरसमजावर थांबणारे नव्हते. खणत खणत ते सगळ्यांत खालच्या माणसापर्यंत गेले असते. मी माझं नाव लिहिलं.

मॅनेजरांनी वाचून खाली सही केली. "तुम्ही लिहिलं नसतं तर मी माझं लिहिलं असतं," ते म्हणाले. "त्या ऑपरेटरचं नाही. पण मग तुमच्या हाताखाली परत माणसं दिली नसती."

मला लेखी ताकीद मिळाली, प्रमोशन वर्षभर मागं गेलं. कितीतरी दिवस मी मॅनेजरांवर मनातून चिडून होतो. आज त्यांच्याच खुर्चीत बसतो आणि "ठाऊक आहे ना?" असं कुणालाही विचारत नाही. "काय बदललंय ते मला दाखवा," म्हणतो आणि तो दाखवेपर्यंत तिथंच उभा राहतो. लोक कंटाळतात.

त्या प्रकारानंतर आठवड्याभरानं तो ऑपरेटर पाण्याच्या कूलरपाशी भेटला. आम्ही दोघंही एकमेकांना टाळत होतो. त्यानं ग्लास भरला, प्यायला, आणि खाली बघतच म्हणाला, "साहेब, यादी आली. नाव हाये माझं."

माफी मागायची, अभिनंदन करायचं, सगळं मनात तयार होतं. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"व्हय?" मी म्हणालो.

त्यानं पहिल्यांदाच वर माझ्याकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला.