समोरच्या फ्लॅटवर आंतरराष्ट्रीय तक्रार

माझ्या सख्ख्या काकांवर मी आंतरराष्ट्रीय तक्रार केली, तेव्हा ते समोरच्या फ्लॅटमध्ये मटार सोलत बसले होते. मटारांचं मला माहीत होतं, कारण कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत ही दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. तक्रार त्यांच्यावर आहे, हे मात्र माहीत नव्हतं.

आमचं दुकान आहे, तांबवेकर भाजणी. बाबा आणि विजूकाका मिळून चालवायचे. मग भाजणीत धने किती घालावेत यावरून बिनसलं, काका दुकानातून बाहेर पडले आणि दोघांचा अबोला सुरू झाला. अबोला फक्त भावांचा. आई आणि काकू यांच्यात वाट्यांची ये-जा चालूच होती आणि वाट्यांबरोबर बातम्यांचीही. (काकांचं ब्लडप्रेशर बाबांना काकांच्या आधी कळायचं.)

बाबांना आता शटर उचलवत नाही. दुकान बंद पडण्याआधी ते इंटरनेटवर जावं आणि आपल्याच नावानं जावं, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. मी खराडीला आयटीत आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. घरच्यांच्या मते यात इंटरनेट, टीव्हीचा रिमोट आणि गीझर हे सगळं येतं. तर मी वेबसाइटसाठी नाव घ्यायला गेलो आणि पाहतो तो, आमचं नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं! त्या पत्त्यावर फक्त एक ओळ होती: 'नाव घेतलेले आहे. उगाच चौकशी करू नये.' मालक कोण, ते गुप्त. (या एका ओळीवरून माणूस निदान पुण्याचा आहे, हे तरी मला कळायला हवं होतं.)

"दुसरं नाव घ्या की," आई म्हणाली. "तांबवेकर घरगुती भाजणी."

"दुकान माझं, नाव माझं. दुसरं कशाला घेऊ?" असं म्हणून बाबा पेपर उलटा धरून वाचत बसले. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी हुशारी करतो.

अशा भांडणांसाठी आता कोर्टात जावं लागत नाही. तक्रार ऑनलाइन करायची, समोरच्यानं लेखी उत्तर द्यायचं, परदेशात बसलेला एक लवाद दोन्ही वाचून निकाल देतो. ना तारखा, ना साक्षी. सगळी प्रक्रिया कशी सुटसुटीत केली आहे, हे मी जेवताना इतक्यांदा सांगितलं, की आईनं कोशिंबीर पुढे सरकवत विचारलं, "मग तुला एवढा वेळ का लागतोय?"

तक्रारीत दाखवायचं असतं की नाव आमचं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलंय. शेवटच्या मुद्द्यात मी जीव ओतला. सदर इसम सराईत भामटा असून तांबवेकर कुटुंबाशी त्याचा सुतराम संबंध नाही, असं फर्ड्या इंग्रजीत ठोकून दिलं. बाबांनी 'भामटा'च्या आधी 'निर्लज्ज' घालायला लावलं. इंग्रजी मेल वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून तक्रारदार म्हणून नाव माझंच घातलं.

तक्रार गेली की मालकाचं नाव तक्रारदाराला कळवतात. तशी मेल आली. विजय तांबवेकर. पत्ता आमचाच, फ्लॅट तेवढा समोरचा.

"मागे घेतो तक्रार," मी म्हणालो.

"का?"

"काका आहेत."

"मग तर मुळीच नाही," बाबा म्हणाले.

आई लगेच वाटी घेऊन समोर गेली आणि सगळी हकीकत घेऊन आली. वेबसाइट निघणार हे तिनंच काकूला सांगितलं होतं. "कुणी बाहेरच्यानं नाव घेऊ नये म्हणून भाऊजींनीच घेऊन ठेवलं. म्हणतात, दादानं एकदा तोंडानं मागावं, लगेच देतो."

"मी मागणार नाही," बाबा म्हणाले.

वाटी पुन्हा गेली, पुन्हा आली. "ते म्हणतात, मग मी देणार नाही."

झालं. आता काकांना लेखी उत्तर पाठवायचं होतं. त्यांनी ते लिहिलं, पण सोबत फोटो कसा जोडायचा ते काही जमेना. साहजिकच त्यांनी मला बोलावलं.

"वाचू नकोस. नुसता फोटो जोड," काका म्हणाले.

मी वाचलं. फोटो दुकानाच्या उद्घाटनाचा होता, दोघे भाऊ एकाच हारात. आणि शेवटी लिहिलं होतं, 'तक्रारदाराला सायकल मी शिकवली. आमचा सुतराम संबंध नाही, हे त्याने लेखी दिले आहे, याची नोंद घ्यावी.' मी फोटो जोडला आणि माझ्याविरुद्धचं उत्तर माझ्याच हातानं पाठवून दिलं. काकूनं मटार-करंज्या दिल्या.

निकाल आला तो मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. तक्रार फेटाळली होती. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण पुढे लिहिलं होतं, की तक्रारदार समोरच्याच दारात राहतो, मालकाला चांगला ओळखतो, तरीही त्यानं प्रक्रियेचा गैरवापर करून हे नाव हडपण्याचा प्रयत्न केला. असे निकाल नावानिशी इंटरनेटवर ठेवून देतात, कायमचे.

दारं उघडीच होती. काका अनवाणी आत आले आणि थेट बाबांसमोर उभे राहिले.

"कोण हा लवाद?"

"आहे कुणीतरी परदेशात," बाबा म्हणाले.

"आपल्या मंदारला हडपणारा म्हणतो? याला लग्नात दुसऱ्यांदा जिलेबी मागता येत नाही."

"अक्कल नाही म्हणाला असता तर एक वेळ मान्य केलं असतं."

"तेच म्हणतो मी, दादा."

इतक्या वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते, आणि एकमत झालं होतं ते माझ्या अकलेवर. तरी मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. आईनं थालीपिठं लावली.

"विजू, ते नाव दे बाबा," बाबा म्हणाले.

"घे की."

थालीपीठ निवायच्या आत मी ते नाव बाबांच्या खात्यावर आणलंसुद्धा. धन्यांचा विषय कुणी काढला नाही.

आता वेबसाइट छान चालते. फक्त आमचं नाव इंटरनेटवर शोधलं की आधी तो निकाल दिसतो, मग दुकान. परवा एका बाईंचा फोन आला, तो मी घेतला.

"तुम्ही तांबवेकर भाजणीवाले, की ते नाव हडपणारे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी फोन काढून घेतला.

"भाजणीवाले बोलतोय," ते म्हणाले. "आधी ज्यानं उचलला, तो हडपणारा."